तोफेची उजवी टाच

शिलाईखात्यात तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्या नव्या मुलीने "ताई" अशी हाक मारली, तर ही कोणाला बोलावतेय म्हणून ती मागे वळून बघायची. नाव पडलं ते तोंडामुळे. मनात आलं की ओठावर, आणि ओठावर आलं की सव्वीस मशीनांच्या घरघरीवरून थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. खातं गणवेशांचं. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलातल्या लोकांचे. बावीस वर्षं ती तिथे कॉलरी लावत होती, आणि कॉलर अशी लावायची की कोणाला वाकडं बोलायला जागा नसे. वाकडं बोलायचं काम ती स्वतःच करायची.

तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी या बाईला डीजे व्हावं लागलं. तेही तोंडामुळेच.

खात्याचं दर वर्षी एक संमेलन होई. रविवारी दुपारी, इस्त्रीच्या मोठ्या हॉलमध्ये, घरच्यांना घेऊन. गाण्याला बाहेरचा कोणी तरी डीजे येई, माणसाएवढे स्पीकर लावी, खिडक्यांची तावदानं थरथरत, आणि माणसं कानात बोटं घालून जेवत नि घरी जात. यंदा त्याची तयारी चालली असताना तोफ सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या बाबापेक्षा मी बरी वाजवीन!" उचलली जीभ लावली टाळ्याला. मालकीणबाई कधी थट्टा करत नसत आणि दुसऱ्याने केलेली त्यांना कळतही नसे. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. यंदा तुम्ही."

बायकांनी टाळ्या पिटल्या. तोफेला तेव्हाच हसून सुटता आलं असतं. पण तिने शेजारी पाहिलं, काजताई एकटी टाळ्या वाजवत नव्हती, आणि मग तिचं सुटणं राहून गेलं.

काजताई म्हणजे शेजारच्या मशीनवर शर्टांना काजं करणारी. एकतीस वर्षं काजं. स्वभावाने तोफेच्या अगदी उलट, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारी. यंदाच्या संमेलनात तिचा निरोपसमारंभ होता. दुसऱ्या दिवसापासून ती निवृत्त. पाच वर्षांपूर्वीच्या संमेलनात काय झालं ते सगळ्या खात्याला ठाऊक होतं. एरवी पर्स मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसणारी काजताई त्या दिवशी एका गाण्याला आपणहून उठली आणि नाचायला लागली. आणि छान नाचत होती हो! डोळे मिटलेले, दोन्ही हात वर, एक पाय उचललेला, आणि नेमकं तेव्हाच त्या डीजेने गाणं मधेच तोडून धडाडधूम काही तरी लावलं. काजताई तशीच राहिली, एका पायावर, हात वर. कोणी तरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खा हॉल हसला. काजताईही हसली, जागेवर जाऊन बसली, आणि तिने कानाला खडा लावला.

ते "कोणी तरी" म्हणजे तोफ होती. हे आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही, असं ती पाच वर्षं धरून चालली होती.

"यंदा तुला नाचवते बघ," डबा खाताना तोफ काजताईला म्हणाली.

"मी नाही नाचायची."

"का? नाचता येईना अंगण वाकडं?"

"येतं मला नाचता," काजताई डब्याचं झाकण लावत म्हणाली. "मधेच तोडतात. आणि मग तू हसतेस. आवाज ओळखते मी तुझा."

त्या दुपारी तोफ एक शब्द बोलली नाही. मुकादमीण दोनदा येऊन विचारून गेली, ताप आहे का म्हणून. तिला ताप नव्हता, लाज वाटत होती, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती नीट कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. संध्याकाळी घरी जाईपर्यंत तिचं एक ठरलं. काजताईने जाण्याआधी एकदा तरी नाचायचं, आणि तिच्या पायाखालून गाणं निघता कामा नये.

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होता. शांत माणूस. त्याने जुना लॅपटॉप मुकाट्याने तिच्या ताब्यात दिला आणि त्यात डीजेचं सॉफ्टवेअरही टाकून दिलं. दोन गाणी शेजारी शेजारी उभी करायची, दोघांचा वेग एक करायचा, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळू न देता एकातून दुसऱ्यात जायचं, एवढं ते काम. वेग ओळखणं तिच्या हातचा मळ होता. कुठल्या मशीनचा पट्टा ढिला झालाय हे ती पाठ फिरवून सांगायची, तिथे गाण्याचे ठोके ते काय? अडत होतं ते माउसपाशी. इकडची रेघ खाली ओढायला जावं तर तिकडची राहायची, आणि दोन्ही होईस्तोवर गाणं संपून गेलेलं असायचं.

"एका बोटाने पीठ मळायला सांगतंय हे," ती वैतागून म्हणाली.

"तुझ्या भावजींकडे जा," नवरा पेपरातून म्हणाला. "त्यांच्या दुकानात त्याची यंत्रं असतात."

भावजी म्हणजे तिचे धाकटे दीर. वाद्यांच्या दुकानात विक्रीला होते आणि गिऱ्हाइकाने गिटारची तार मागितली तर गिटारचा जन्म कसा झाला इथून सुरुवात करत. वहिनी दुकानात आल्या आणि त्याही डीजेचं यंत्र मागत आल्या, म्हटल्यावर त्यांना अस्मान ठेंगणं झालं.

"याला कंट्रोलर म्हणतात वहिनी. मिडी कंट्रोलर. एक लक्षात घ्या, हा स्वतः काही आवाज काढत नाही. हा फक्त लॅपटॉपला निरोप देतो. हे बटण दाबलं, हा खुंटा फिरवला, ही पट्टी वर नेली. त्या निरोपाचं काय करायचं ते लॅपटॉप ठरवतो, आणि लॅपटॉपने काय ठरवायचं ते आपण शिकवायचं."

"म्हणजे तुमच्या भावासारखा. मी सांगेन तेच."

"अगदी!" भावजी म्हणाले आणि त्यांनी पहिला कंट्रोलर काउंटरवर ठेवला.

तो चांगला चार शेगड्यांएवढा होता. दोन बाजूंना दोन थाळ्यांसारखी चाकं, मधे पट्ट्या, आणि सगळीकडे लाल, हिरवे, निळे दिवे. तोफेने लॅपटॉप जोडून दोन गाणी लावली. दिव्यांकडे बघता बघता पहिलं गाणं संपलं, आणि कोपर लागून चाक फिरलं ते दुसरं गाणं कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं केकाटलं. सतारीच्या खोळी बघणारे एक आजोबा दचकून बाहेर गेले.

दुसरा होता तळहाताएवढा. नुसती रबरी चौकोनी बटणं, सोळा. तिच्या जाड बोटाखाली एका वेळी दोन दबत. तिसरा बरा होता, नेमका मापाचा, पण त्यातल्या प्रत्येक बटणाला कंपनीने एकेक काम नेमून दिलेलं आणि त्यात बदल चालायचा नाही. "हे हलवून ते तिथे नाही का नेता येत?" तोफेने तीनदा विचारलं. भावजी तीनदा नाही म्हणाले. आणि शिवाय काही तरी चुकतच होतं. हात बरोबर चालत, कान बरोबर सांगत, पण सांध्याची वेळ आली की दर वेळी गाणं क्षणभर मागे राहायचं. पाचव्यांदा तसंच झालं. भावजी इतका वेळ तिच्या हातांकडे बघत होते. आता त्यांची नजर खाली गेली.

"वहिनी, तुम्ही पायाने काय दाबताय?"

"कुठे काय?"

दोघांनी काउंटरखाली वाकून पाहिलं. तोफेची उजवी चप्पल फरशीवर पुढे रेललेली होती, पंजा घट्ट दाबलेला.

शिलाईखात्यातल्या मशीनला खाली पायपट्टी असते. पंजा पुढे दाबला की मशीन पळतं, जेवढा दाबाल तेवढं जोरात. हातांनी फक्त कापड सांभाळायचं. बावीस वर्षं तिने पुढे जायचा हुकूम पायाने दिला होता, आणि आता दर सांध्याला आधी पाय दुकानाची फरशी दाबून बघत होता आणि ती हलत नाही म्हटल्यावर मग हात पुढे होत होते. मधल्या वेळात गाणं निसटायचं. तोफ फरशीकडे बघून इतकी मोठ्याने हसली की मालक आतल्या खोलीतून बाहेर आले.

"थांबा," भावजी म्हणाले आणि शिडीवर चढून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून एक करडी चपटी पेटी काढली. पुढे हार्मोनियमसारख्या पंचवीस पट्ट्या, वर आठ खुंटे, काही बटणं, दोन सरकत्या पट्ट्या. ना चाकं ना दिवे. "हे खरं गाणी रचणाऱ्यांचं. डीजे लोक याला हात लावत नाहीत. पण यात कुठल्याही बटणाला कुठलंही काम देता येतं. आणि हे बघा," त्यांनी पेटी उलटी केली, "मागे पायपट्टी जोडायचं भोक आहे. पट्टी वेगळी मिळते."

तोफेने पेटी हातात घेतली, वजन पाहिलं, खुंटे एकेक करून फिरवले. प्रत्येक खुंटा अंगठ्याला सारखाच घट्ट लागला. दिसायला ती कचेरीतल्या हिशेबाच्या यंत्रासारखी होती.

"दिसायला काही नाही हो ही," भावजी जरा ओशाळून म्हणाले.

"मीही नाही. पायपट्टीसकट बांधा."

पुढचे दोन रविवार सकाळचे भावजी तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून होते. एकेक खुंटा धरायचा आणि लॅपटॉपला शिकवायचं, याचं काम अमुक. डावीकडचे चार खुंटे चालू गाण्याचे, उजवीकडचे चार येणाऱ्या गाण्याचे. पेटीच्या पंचवीस पट्ट्यांना तिने पंचवीस गाणी नेमून दिली, म्हणजे शोधाशोध नको. नवरा कोणती पट्टी कोणाची ते चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवत होता, आणि त्याचं अक्षर कचेरीतलं असल्यामुळे त्या चिठ्ठ्या कोणालाच वाचता येत नव्हत्या. पायपट्टीचं काम सरळ होतं. पंजा पुढे दाबत न्यायचा की चालू गाणं विरत जाणार आणि पुढचं वर येणार. पहिल्याच प्रयत्नात सांधा असा बसला की नवऱ्याने पेन खाली ठेवलं.

आणि दुसऱ्या क्षणाला घरात शांतता पसरली. गाणं बंद.

"काय झालं?"

पुन्हा लावलं. पुन्हा सुरेख सांधा, पुन्हा शांतता. या वेळी दोघे दीर-भावजय आधीच टेबलाखाली बघत होते. सांधा झाल्याबरोबर तोफेचा पाय मागे आला होता आणि टाच खटकन खाली बसली होती. कारण खात्यातल्या मशीनवर शिवण संपली की टाच दाबायची, म्हणजे दोरा कापला जातो. पुढे पंजा, शेवटी टाच. इथे टाचेने पट्टी मागे आली की लॅपटॉप परत पहिल्या गाण्यावर जायचा, आणि ते तर संपलेलं.

तिने पाय आवरायचा प्रयत्न केला. नवऱ्याने टाचेखाली पुस्तक ठेवून पाहिलं. तिने चप्पल काढून पाहिलं, उभं राहून पाहिलं, नवऱ्याला "टाच!" असं ओरडायला सांगून पाहिलं, तर तो ओरडला की ती दचकून आणखी जोरात दाबायची. जित्याची खोड. तासाभराने ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला.

"भावजी, मी तिचं गाणं तोडणार. तो डीजे परका होता. मी शेजारी बसणारी आहे, आणि मीच तोडणार."

कोणाबद्दल बोलतेय ते भावजींना माहीत होतं. ते म्हणाले, "टाचेचं कामच काढून टाकू. दाबली तरी काही होणार नाही."

"नको. काहीच झालं नाही की मी गोंधळते आणि पुन्हा दाबते." ती विचार करत म्हणाली, "दुकानात म्हणालात ना, कशालाही कुठलंही काम देता येतं? मग टाचेला तोडायचं सोडून दुसरं काम द्या. टाच दाबली की गाणं संपताच कामा नये."

भावजींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांना काही तरी सुचलं की ते आधी चहा मागत. त्यांनी चहा मागितला आणि दुपारपर्यंत लॅपटॉपशी भांडले. शेवटी असं ठरलं की पंजाने एकदा पुढच्या गाण्यात गेलं की गेलं, पट्टी मागे आली तरी जुनं परत यायचं नाही. आणि टाच पूर्ण दाबली की जे गाणं चालू असेल त्याचा तेवढाच आठ ठोक्यांचा तुकडा फिरत राहील, टाच उचलेपर्यंत.

संमेलनाच्या दिवशी इस्त्रीची टेबलं भिंतीशी सरकवली होती. वरच्या काचेतून ऊन थेट हॉलच्या मधोमध पडलं होतं. मालकीणबाईंनी काजताईला निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं जिने सुटायची वेळ बघण्यात घालवली तिला घड्याळ! पण त्यात थट्टा आहे हे मालकीणबाईंना कळलं नाही, आणि काजताईने ते नीट कागदात गुंडाळून पर्सखाली ठेवलं व कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

तोफ करड्या पेटीमागे बसली होती. उभी राहून वाजवायला ती तयारच नव्हती. बसल्याशिवाय पाय चालायचा नाही. भावजी मागे तारांपाशी. पहिल्या दोन गाण्यांना सगळे नुसते बघत होते, ही कधी आपटतेय म्हणून. तिसऱ्याला इस्त्रीवाले उठले. चौथ्याला कटिंग मास्तरांनी बायकोला ओढलं. पाचव्यापासून सांधा कुठे होतोय याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही, हॉलभर माणसं नाचत होती, आणि तोफेचा पंजा पुढे, टाच मागे, पंजा पुढे, टाच मागे असा चालला होता. दोनतीनदा तुकडे फिरले, ते नाचणाऱ्यांना आवडलेच. काजताई मात्र जागची हलली नव्हती.

मग तोफेने ते गाणं लावलं. तोफ नवी असताना दुपारच्या सुट्टीत खात्यातल्या रेडिओवर लागायचं, ना फार जलद ना फार संथ, दोघींना तोंडपाठ. तिने कोपऱ्यात पाहिलं. काजताईचा पाय ठोका धरत होता. अर्धं गाणं तो पायच तेवढा हलत राहिला. मग तिने पर्स बाजूला ठेवली. मग चपला काढल्या, जोडी सरळ लावून खुर्चीखाली सरकवल्या. मग पदर खोचला. "अगं ये की लवकर, ये की!" तोफ दातांतल्या दातांत म्हणत होती. काजताई उन्हाच्या मधोमध येऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि हात वर केले, तेव्हा गाण्याची वीस सेकंदं उरली होती.

पुढचं गाणं तयार होतं ते धावतं. तोफ पेटीवर वाकली. कुठला खुंटा, कुठली पट्टी, काही दिसेना. पण संपत आलं की काय करायचं ते टाचेला ठाऊक होतं, आणि ती खटकन खाली बसली.

गाणं संपलं नाही. आठ ठोके झाले, आणि पुन्हा तेच आठ, आणि पुन्हा. काजताई नाचत होती. पायात जोर होता, कमरेत लय होती, एकतीस वर्षं कुठे ठेवलं होतं हे सगळं कोण जाणे. माणसं आपोआप मागे सरून कडं करून उभी राहिली, टाळ्या धरल्या. तोफेने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता.

"वहिनी, चार मिनिटं झाली," भावजी कानाशी म्हणाले. "तोच तुकडा. लोक कंटाळतील."

"कंटाळू दे. ती थांबल्याशिवाय मी उचलत नाही."

सहा मिनिटं झाली. तोफेच्या पोटरीत गोळा आला. काजताईचा चेहरा लालबुंद झाला होता, घाम निथळत होता, पण ती काही थांबेना. नाचत नाचतच ती पेटीपाशी आली आणि धापा टाकत म्हणाली, "अगं बये, संपव की आता! जीव जाईल माझा!"

"मग थांब ना!"

"गाणं चालू असताना कशी थांबू? सगळे बघतायत!"

"थांबून तर बघ," तोफ म्हणाली. "मी आहे."

काजताईने एक गिरकी घेतली आणि थांबली. कमरेवर हात ठेवून, दम घेत, हॉलच्या मधोमध. गाणं तिच्याभोवती चालूच होतं, आठ ठोके, पुन्हा आठ ठोके. कोणी हसलं नाही. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. काजताईने शांतपणे पदर सोडला आणि तोंड पुसलं.

तोफेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात गुडघ्यावर असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. "तेव्हा मी हसले होते गं," ती म्हणाली, आणि ती म्हणाली म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "चुकलं माझं."

"माहितीये," काजताई म्हणाली. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, त्या आखडलेल्या पायाकडे. "उचल आता तो पाय. मोडलास तर दवाखान्यात मलाच न्यावं लागेल तुला. आणि नेईन मी, उद्यापासून रिकामीच आहे."

तोफेने टाच उचलली.